चौथ्या फेरीत कोण कुणाला घेणार?

प्रश्न : मुलगा अमेरिकेत शिकतो, त्यामुळे एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट हा शब्द घरात सारखा कानावर पडतो. आपल्या आयपीएलच्या लिलावासारखाच प्रकार ना हा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : लिलाव नव्हे, रांग. इथे बोली लागत नाही. आदल्या मोसमात सगळ्यात वाईट खेळलेला संघ पहिला, विजेता शेवटचा, अशा क्रमाने 32 संघ कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांमधून एकेक जण उचलतात. अशा सात फेऱ्या होतात. गुरुवारी रात्री पहिली, शुक्रवारी दुसरी आणि तिसरी, शनिवारी उरलेल्या चार. कितव्या क्रमांकावर उचललं, त्यावरून पगार बराचसा ठरून जातो. संघांना आपले क्रमांक आपसांत बदलता येतात, एवढं लक्षात ठेवा, पुढे ते लागणार आहे.

प्रश्न : आमच्या ऑफिसात दर एप्रिलला ड्राफ्ट ओळखायची पैज लागते. पहिल्या फेरीत माझे गुण बरे असतात. तिसऱ्या फेरीपासून पाटी कोरी! कोणत्या संघाला कशाची गरज आहे ते नीट वाचून नावं भरतो, तरी असं का होतं?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : गरज वाचता ते ठीक, पण कोणत्या वर्षाची? पहिल्या फेरीत संघ यंदाचं खिंडार बुजवतात. चौथ्या फेरीत घेतलेला मुलगा सप्टेंबरात मैदानात उतरलाच पाहिजे, असं कुणी धरून चालत नाही. त्याला घेतात ते बहुतेक वेळा पुढच्या वर्षाच्या हिशेबाने. ड्राफ्टमधल्या मुलाचा पहिला करार चार वर्षांचा असतो. म्हणजे संघाने तीन वर्षांपूर्वी ज्यांना घेतलं, त्यांचे करार पुढच्या मार्चमध्ये संपणार. त्यातला कोण चांगला खेळतोय, म्हणजेच कोण महाग होऊन हातचा जाणार, हे बघा. त्याच्या जागेवरचा मुलगा तिसऱ्या ते पाचव्या फेरीत येण्याची शक्यता सगळ्यात जास्त. करारांचे आकडे उघड असतात. मी दर संघाला वहीत एक पान देते आणि त्यावर फक्त एवढंच लिहिते : पुढच्या वर्षी कोण जाणार. यंदा कोण कमी पडतंय, ते टीव्हीवाले वर्षभर सांगतच असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे सवय. मी पिट्सबर्गची रहिवासी, तेव्हा आमच्या संघाचं, स्टीलर्सचंच सांगते. 2009 मध्ये तिसऱ्या फेरीत, 84व्या क्रमांकावर, माइक वॉलेस. 2010 मध्ये तिसऱ्या फेरीत इमॅन्युएल सँडर्स (पुढच्या प्रश्नात एक सँडर्स आहे, त्याचा हा कुणी नाही). 2013 ला मार्कस व्हीटन, 2015 ला सॅमी कोट्स, 2019 ला डिऑन्टे जॉन्सन. सगळे वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारे, आणि सगळे तिसऱ्या फेरीतले. मध्ये 2014 ला चौथ्या फेरीत मार्टाव्हिस ब्रायंट, 2022 ला चौथ्याच फेरीत कॅल्विन ऑस्टिन. ही संघाचे सरव्यवस्थापक केविन कोल्बर्ट यांच्या कारकिर्दीतली यादी. ते गेले, त्यांच्या जागी ओमार खान आले, मला वाटलं आता खोड मोडेल. 2024 मध्ये पुन्हा तिसरी फेरी, पुन्हा 84वाच क्रमांक, आणि मिशिगनचा रोमन विल्सन. खेळायचा? अर्थात वाइड रिसीव्हर! स्टीलर्सच्या रकान्यात तिसऱ्या-चौथ्या फेरीत डोळे मिटून हीच जागा लिहावी, असं मी आता ज्याला त्याला सांगते.

पण जागा ओळखणं वेगळं आणि माणूस ओळखणं वेगळं. 2010 मध्येच, सँडर्सनंतर शंभराहून जास्त मुलं उचलली गेल्यावर, सहाव्या फेरीत 195व्या क्रमांकावर स्टीलर्सनी सेंट्रल मिशिगनचा अँटोनियो ब्राउन घेतला. पुढे काही वर्षं अख्ख्या लीगमध्ये त्याच्या तोडीचा रिसीव्हर सापडत नव्हता. नंतर त्याचं संघाशी बिनसलं आणि 2019 मध्ये त्याला रेडर्स संघाकडे देऊन स्टीलर्सनी तिसऱ्या आणि पाचव्या फेरीतला एकेक क्रमांक मिळवला. त्यातल्या तिसऱ्या फेरीच्या, म्हणजे 66व्या क्रमांकावर आला तो टोलिडोचा डिऑन्टे जॉन्सन. सेंट्रल मिशिगन आणि टोलिडो, दोन्ही मिड-अमेरिकन कॉन्फरन्स या कॉलेजांच्या गटातली, टीव्हीवर फारशी न दिसणारी कॉलेजं. ब्राउन गेला, त्याच्या बदल्यात मिळालेल्या क्रमांकावर त्याच कॉन्फरन्समधला रिसीव्हर आला. सवय म्हणतात ती ही.

तेव्हा आधी पैजेचे नियम वाचा. खेळाडू योग्य फेरीत बसवल्याबद्दल अर्धे गुण असतील, तर तिसऱ्या ते पाचव्या फेरीत संघ आणि नाव जुळवायच्या फंदात पडू नका, फेरी जुळवा. नाव लिहायचंच असेल तर संघाने कुणाला भेटीला बोलावलं ते पाहा. प्रत्येक संघाला ड्राफ्टआधी 30 मुलांना आपल्या मुख्यालयात बोलावता येतं, आणि त्या बातम्या स्थानिक वार्ताहर फोडतात. संघाच्या परिसरातल्या, घराजवळच्या मुलांना या तिसाची मर्यादा नसते, म्हणून तसली भेट फार मनावर घेऊ नका. बाहेरून मुद्दाम विमानाने आणलेला, अनोळखी कॉलेजातला मुलगा दिसला की कान टवकारा. पहिल्या फेरीतल्या नावाला भेटीला बोलावणं हा पुष्कळदा नुसता देखावा असतो. चौथ्या फेरीतल्या मुलासाठी देखावा करायला कुणाला वेळ आहे?

क्रमांकांची अदलाबदल मात्र ओळखायला जाऊ नका. जिमी जॉन्सन डॅलसला प्रशिक्षक होते तेव्हापासून एक किमतीचा तक्ता चालत आलाय. त्यात पहिला क्रमांक 3000 गुणांचा आणि शंभरावा अवघ्या 100 गुणांचा. इतकं स्वस्त असल्यावर मधल्या फेऱ्यांत कोण कधी चार घरं पुढे सरकेल, याला धरबंध नाही. तिसऱ्या ते सहाव्या फेरीत एका निवडीला पाचच मिनिटं मिळतात, तेवढ्यात फोनवर सौदा होतो, आणि तुमच्या कागदावरची पुढची दहा नावं एका दमात चुकतात.

प्रश्न : 2025 मध्ये शडूर सँडर्स पहिल्या फेरीत जाणार, असं जो तो सांगत होता. तो पाचव्या फेरीत गेला. मग या तज्ज्ञांना कशाचे पैसे मिळतात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : बोलायचे! सँडर्स, कोलोरॅडोचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा खेळ चालवणारा), प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांचा मुलगा, गेला 144व्या क्रमांकावर क्लीव्हलंडकडे. त्याच्याआधी पाच क्वार्टरबॅक गेले होते, आणि त्यातला एक, डिलन गॅब्रिएल, क्लीव्हलंडनेच आदल्या दिवशी 94व्या क्रमांकावर घेतला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी 166 आणि 192 हे दोन क्रमांक सिअ‍ॅटलला देऊन 144वा मिळवला.

ही घसरण माझ्या मते वाटते तितकी विचित्र नाही. क्वार्टरबॅक हळूहळू खाली सरकत नाही, तो एकदम कोसळतो. पहिल्या फेरीत संघ विचारतो, हा आमचा मुख्य क्वार्टरबॅक होईल का? एकदा 'नाही' ठरलं, की पुढचा प्रश्न 'हा राखीव म्हणून बाकावर बसेल का?' असा होतो. आणि ज्याच्यावर रोज कॅमेरे लागलेले, असा राखीव खेळाडू बहुतेक प्रशिक्षकांना नको असतो. दोन्ही प्रश्नांच्या मध्ये दुसरी-तिसरी फेरी रिकामी निघून जाते.

उलटही होतं. 2016 मध्ये डॅलसला हवा होता क्वार्टरबॅक पॅक्सटन लिंच. त्याला डेन्व्हरने पुढे सरकून 26व्या क्रमांकावर नेला. मग डॅलसने दुसऱ्या क्वार्टरबॅकवर, कॉनर कुकवर डोळा ठेवला. डॅलसची पाळी 101वी, आणि रेडर्सनी सौदा करून 100व्या क्रमांकावर कुकला उचललं. शेवटी 135व्या क्रमांकावर डॅलसने डॅक प्रेस्कॉट घेतला. त्या ऑगस्टमध्ये मुख्य क्वार्टरबॅक टोनी रोमोच्या पाठीला दुखापत झाली, प्रेस्कॉट उतरला, आणि डॅलसने 16 पैकी 13 सामने जिंकले. डॅलसला स्वतःलाच सकाळी माहीत नव्हतं की दुपारी कुणाला घेणार आहोत. मग ते तुम्हाआम्हाला बाहेरून कसं कळणार?

प्रश्न : मी चौथ्या फेरीत एक पंटर (लाथेने चेंडू लांब मारणारा) लिहिला म्हणून मित्र हसले. खोडू का?
– एक वाचक, मिलपिटस, कॅलिफोर्निया

उत्तर : संघ कोणता लिहिलात, त्यावर आहे. 2022 मध्ये बाल्टिमोरकडे चौथ्या फेरीत एक नाही, दोन नाही, सहा क्रमांक होते. संघ सोडून गेलेल्या खेळाडूंच्या बदल्यात मिळणारे भरपाईचे क्रमांक गोळा करण्यात हा संघ सगळ्यांत पटाईत. त्या सहात त्यांनी दोन टाइट एंड (अडवणारे आणि चेंडूही झेलणारे) घेतले, त्याच जागेवरचा मार्क अँड्र्यूज संघात असताना. आणि 130व्या क्रमांकावर पेन स्टेटचा पंटर जॉर्डन स्टाउट. गंमत म्हणजे त्या वर्षी सगळीकडे बोलबाला होता सॅन डिएगो स्टेटच्या मॅट अरायझाचा. तो गेला सहाव्या फेरीत. बाल्टिमोरचा पंटर सॅम कुक 2006 पासून खेळत होता आणि ड्राफ्टनंतर महिन्याभरातच निवृत्त झाला. म्हणजे तुमच्या संघाचा पंटर पस्तिशी-चाळिशीचा असेल आणि चौथ्या फेरीत त्यांच्याकडे एकाहून जास्त क्रमांक असतील, तर नाव राहू द्या. पंटर तरणाबांड असेल तर खोडा, आणि मित्रांना चहा पाजा.