रोबोटची आयडिया सांगितली तर कोणी चोरेल का?

तुम्ही विचारलंय की घरी छंद म्हणून रोबोट बनवताना आयडिया सगळ्यांना सांगाव्या की झाकून ठेवाव्या. माझं मत विचाराल तर बिनधास्त सांगा, आणि पूर्ण व्हायची वाट न बघता अर्धवट असतानाच दाखवा.

मी सोलापुरातच असतो, आमचा बॉट म्हणजे साधाच, बीओ मोटर (गिअरवाली छोटी मोटर), एल२९८एन ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारं सर्किट) आणि अर्डुइनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड). ओट्यावर टेस्ट चालली होती, चाक उंबऱ्याला अडकलं आणि मोटर नुसती घुंघुं करत राहिली. शेजारचे काका यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारे) आहेत, ते बघत उभे होते, म्हणाले, "अरे, अडकल्यावर बंद का पडत नाही हे? आमच्याकडं ताणा तुटला की माग आपोआप थांबतोय." रोबोटिक्सचा त्यांना गंध नाही, पण मुद्दा एकदम बरोबर होता, कारण चाक जाम झालं की मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि ड्रायव्हर तापतो. मग चाकाजवळची भोकांची चकती आणि स्पीड सेन्सर वापरून कोड लिहिला, की मोटर चालू असून अर्धा सेकंद सेन्सरकडून पल्स (चाक फिरल्याचा सिग्नल) आली नाही तर थेट बंद. हे मला एकट्याला कधी सुचलं नसतं.

तसंच एका पोराने सर्किटचा फोटो टाकला होता, त्याचा बॉट फार हळू पळायचा आणि तो कोडमध्येच शोधत बसलेला. बघणाऱ्याने लगेच सांगितलं की एल२९८एन स्वतःच जवळपास 2 व्होल्ट खातो, 7.4 व्होल्टच्या बॅटरीतले मोटरला साडेपाचच मिळतात, त्याऐवजी टीबी६६१२ हा कमी व्होल्ट खाणारा ड्रायव्हर लाव. नुसतं "बॉट चालत नाही" लिहिलं असतं तर कोण काय सांगणार?

आणि चोरीचं म्हणाल तर आपण वापरतो तो अर्डुइनोच 2005 साली इटलीतल्या इव्रेयात सुरू झाला आणि त्याचं डिझाईन सगळ्यांसाठी खुलं ठेवलं, म्हणून तर आज स्वस्तातले क्लोन (त्याच डिझाईनवरून दुसऱ्यांनी बनवलेले) बोर्ड आपल्या पोरांना परवडतात. आयडिया ऐकून कोणी बनवलीच तरी सोल्डरिंग, ट्युनिंग, चाकाची घसरण हे सगळं त्याला स्वतःलाच निस्तरावं लागतं. हां, खरंच पेटंट घ्यायचं असेल तर मात्र आधी अर्ज करा, मगच जगाला दाखवा. प्रोव्हिजनल (तात्पुरता) अर्ज केला की पूर्ण कागदपत्रं द्यायला 12 महिने मिळतात. पण लाईन फॉलोअरसाठी (जमिनीवरच्या रेषेवरून चालणाऱ्या साध्या बॉटसाठी) एवढं टेन्शन कशाला घ्यायचं.

टाकताना वायरिंगचा स्पष्ट फोटो, पूर्ण कोड, बॅटरी किती व्होल्टची आणि आतापर्यंत काय काय करून बघितलं एवढं लिहा. तुमचं सध्या कुठं अडलंय ते इथंच खाली टाका, मी बघतो.