ते आपले कोण?

प्रिय चिनू,

परवा २५ नोव्हेंबरला, यशवंतरावांच्या पुण्यतिथीला, व्हिडिओ कॉलवर अण्णाआजोबांचे डोळे भरून आले. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "यशवंतराव चव्हाण आपले नातेवाईकसुद्धा नाहीत, मग आजोबा रडतात कशाला?" मी "उद्या सांगते" म्हटलं आणि भांडी घासत बसले. लागलं मला ते.

तुझ्याएवढी होते तेव्हा त्या दिवशी अण्णा मला पहाटेच उठवायचे. कराडची थंडी, कानाला मफलर. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोरून येऊन भेटतात, त्या पाण्यावर धुकं. समाधीपाशी अण्णा चपला काढायचे, फुलं वाहायचे आणि बराच वेळ नुसते उभे राहायचे. माझे पाय फरशीवर गारठून जायचे. का आलोय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तू विचारलंस.

अण्णांचे वडील दुसऱ्याच्या रानात राबायचे. यशवंतराव मुख्यमंत्री असताना ई.बी.सी.ची, म्हणजे गरीब घरच्या मुलांसाठीची, फीमाफी आली, म्हणून अण्णा मॅट्रिकपर्यंत पोचले. ते स्वतः एवढंच सांगतात.

मला मात्र त्यांच्या पत्नी वेणूताई जास्त आठवतात, त्या तुझ्या आजीमुळे. १९४२ च्या जूनमध्ये त्यांचं लग्न झालं आणि दोन महिन्यांत चले जाव. यशवंतराव भूमिगत, आणि नव्या नवरीची पहिली संक्रांत तुरुंगात! आजी दर संक्रांतीला वाणाची सुगडं भरताना हे सांगायची आणि मधेच तिचा हात थांबायचा. पुढे परदेशी गेले की यशवंतराव वेणूताईंना लांबलचक पत्रं लिहीत. १९८३ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी दिल्लीत तेही. मूलबाळ नव्हतं. मग त्यांच्यासाठी रडायला अण्णांसारखेच उरले ना?

लोकांचं काम करताना घरच्यांनी किती सोसायचं, हे मात्र मला अजून ठरवता येत नाही. अण्णांना तिकडे ठेवून मी इथे अमेरिकेत एडिसनला राहते, म्हणूनही असेल.

डिसेंबरात कराडला गेलो की ते तुला संगमावर नेतीलच. नमस्कार करावासा वाटला तर कर, नाहीतर राहू दे, मी काही म्हणणार नाही. फक्त त्यांच्या चपला तू काढून ठेव. त्यांना आता वाकता येत नाही.

तुझी,
आई