स्वतःचा व्हॉइस सर्व्हर उभा करताना

सुरुवात मम्बलपासून कर; हे गटाने बोलण्यासाठीचं सॉफ्टवेअर आहे. मुक्त स्रोत आहे, आवाज ओपस कोडेकमधून (आवाज आकसून पाठवण्याची पद्धत) जातो म्हणून बोलण्यात फारसा उशीर जाणवत नाही, आणि मित्रमंडळींपुरता रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणकसुद्धा पुरतो. इन्स्टॉल करणं सोपंच आहे. खरी अडचण राउटरवर येते. ६४७३८ हा पोर्ट (बाहेरून सर्व्हरपर्यंत येण्याचा क्रमांकित मार्ग) टीसीपी आणि यूडीपी या डेटा पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघड. यूडीपी राहून गेलं तरी जोडणी होते, पण आवाज टीसीपीवरून जातो आणि नेट जरा डळमळलं की अडखळतो. पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी येऊ शकत नसेल, तर राउटरमधला वॅन पत्ता, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला आयपी पत्ता, बघ. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर तू सीजीनॅटमागे आहेस, म्हणजे कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला आहे. तिथे राउटरशी झटापट करून काही होणार नाही; सरळ छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर) भाड्याने घे.

सर्व्हरला पासवर्ड हवाच. सुपरयूजर हे सर्व्हरचं मुख्य खातं फक्त अधिकार देण्यापुरतं वापर, त्यावरून बोलताही येत नाही. स्वतःचं नाव नोंदवून त्याला ॲडमिन कर. आणि नोंदवलेल्या माणसाला मम्बल त्याच्या संगणकावरच्या प्रमाणपत्रावरून (ओळख पटवणारी डिजिटल फाइल) ओळखतं, तेव्हा प्रत्येकाला आपल्या प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवायला सांग. संगणक बदलला की तीच लागते.