मार्चमध्ये विद्यापीठ परिसरात सायकल फिरवली तर पाहायला काय मिळते?

मार्चअखेरीस छत्रपती संभाजीनगरात मुक्काम असताना विद्यापीठाच्या बाजूला सायकल फिरवली तर काही पाहायला मिळेल, की सगळे वाळूनच गेलेले असते, असा आपला प्रश्न आहे. जमीन वाळलेलीच असते. पण आमच्याकडे वसंत झाडांवर येतो, आणि खाली गवत पिवळे पडलेले असल्यामुळे तो लांबूनही नजरेत भरतो.

फेरी नागसेनवनातून सुरू करावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे 1950 साली सुरू झाले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. हे दिवस परीक्षांचे असल्यामुळे सकाळीच झाडाखाली येरझाऱ्या घालत पाठांतर करणारी मुले दिसतात. कडुलिंबाला याच सुमारास तांबूस पालवी आणि पांढरा मोहोर येतो. त्याचा मंद गोडसर वास उन्हे चढण्यापूर्वी चांगला जाणवतो, म्हणून साडेसहाच्या आत निघालेले बरे. पुढे पाणचक्की आणि बेगमपुरा मागे टाकून विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी यावे. 1958 साली मराठवाडा विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला, आणि त्यासाठी झालेला दीर्घ लढा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रवेशद्वारापाशी क्षणभर थांबावेसे वाटते.

आतल्या बाजूला, सोनेरी महालाकडे आणि डोंगराच्या पायथ्याकडे, पळस शोधावा. त्याचा भर होळीच्या आसपास असतो. महिनाअखेरीस निम्मी फुले खाली पडलेली असतात, आणि माझ्या मते ती उचलूनच पाहावीत. देठाजवळची वाटी काळपट मखमली असते, नारिंगी पाकळ्यांवर बारीक लव असते आणि त्यांतली एक पाकळी चोचीसारखी वाकलेली असते. वर राहिलेल्या फुलांतील मधासाठी साळुंक्यांची भांडणे चाललेली असतात. त्यांना सायकलस्वाराची मुळीच भीती वाटत नाही.

तेथून डोंगरातल्या औरंगाबाद लेण्यांपर्यंतचा चढ दमवणारा आहे, पण तो टाळू नये. सातव्या लेण्यात आग, बुडती नौका, सिंह, साप, हत्ती अशा संकटांतून भक्तांना सोडवणारा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर कोरलेला आहे, आणि तेथून खाली पाहिले की वाळलेल्या उतारांपलीकडे बीबी का मकबऱ्याचे मनोरे दिसतात. मकबरा उतरताना वाटेवर लागतोच. त्याच्याविषयी इतरत्र भरपूर लिहिले गेले आहे.

दहा वाजण्यापूर्वी परत फिरावे, कारण काळा खडक तापला की डोंगराकडचा रस्ता नकोसा होतो. कच्च्या वाटेवर वेड्या बाभळीचे काटे असतात, त्यामुळे पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप जवळ असू द्यावा. उतरल्यावर रसवंती दिसली तर बर्फ न घातलेला रस मागावा. गुलमोहर मात्र या फेरीत भेटणार नाही. त्यासाठी मे महिन्यात यावे लागेल.