एडमंटनच्या गॅरेजात वर्कशॉप: ३१ हजार डॉलर घालावेत का?

प्रश्न: आम्ही कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला राहतो. घरामागे दोन गाड्यांचं सुटं गॅरेज आहे, २२ बाय २४ फूट, छत ९ फुटांवर. भिंती आतून उघड्या, इन्शुलेशन नाही, विजेचा एकच साधा प्लग. माझं लहानपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलं, वडिलांचं लेथचं काम होतं. गाडीची कामं हाताने करायची सवय तिथलीच. शनिवार-रविवारी एक जुनी पिकअपही दुरुस्त करून उभी करायची आहे, पण इथे नोव्हेंबर ते मार्च पाना हातात धरवत नाही. कोटेशनं घेतली आहेत: इन्शुलेशन, ड्रायवॉल आणि नवं दार ७,८००, गॅसची लाइन आणि ६० हजार बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप) हीटर ६,२००, विजेचं वेगळं पॅनेल ३,६००, गाडी उचलायची दोन खांबांची लिफ्ट ६,४००, कॉम्प्रेसर, हत्यारं, दिवे ४,०००, इपॉक्सी फरशी ३,०००. एकूण ३१,००० डॉलर. बँक घरावर ५.२ टक्क्यांनी लाइन ऑफ क्रेडिट (लागेल तसं उचलायचं कर्ज) देते आहे. टीएफएसएमध्ये (करमुक्त बचत खात्यात) ३८,००० आहेत. मॉर्गेज (घराचं कर्ज) ४,१०,००० शिल्लक, २०२१ मध्ये पाच वर्षांसाठी १.९ टक्क्यांनी बांधलं होतं, आता नव्या दराने नूतनीकरण जवळ आलं आहे. मुलं ११ आणि ६ वर्षांची. धाकट्याच्या आरईएसपीत (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) गेली दोन वर्षं काही घालता आलं नाही. दोन गाड्यांच्या दुरुस्तीचे वर्षाला २,९०० वाचतील, मित्रांच्या गाड्या करून महिन्याला ४०० सुटतील आणि घराची किंमतही वाढेल. हीटर गॅसचा घ्यावा की विजेचा?

उत्तर: हीटरचं सांगतोच, पण आधी कर्जाचं.

तुमच्या २,९०० डॉलरच्या बिलात ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड आणि टायरही आहेत. ते तुम्हाला पुढेही विकत घ्यावेच लागणार. वाचते ती मजुरी. त्यातूनही चाकांचं अलाइनमेंट, एसीचा गॅस, समोरची काच ही कामं बाहेरच जाणार. मी सढळ हाताने वर्षाला १,२०० डॉलर बचत धरतो. ३१,००० वर ५.२ टक्क्यांनी नुसतं व्याजच वर्षाला १,६१२ होतं. म्हणजे मुद्दलाचा एक डॉलरही न फिटता वर्षाला चारशे डॉलर खिशातून जाणार, आणि अजून हीटर पेटलेलाही नाही. ऋण काढून सण करायचा नाही, एवढं या घडीला ठरवून टाका. लाइन ऑफ क्रेडिटचा दर बदलता असतो, हे वेगळंच.

मॉर्गेजचं गणित अधिक टोचेल. २० वर्षं उरली आहेत आणि नवा दर ४.२ टक्के मिळाला असं समजू. महिन्याचा हप्ता साधारण २,०५० वरून २,५२० वर जातो. वर्षाला साडेपाच हजारांहून जास्त बोजा, तोही टॅक्स कापून हातात येणाऱ्या पगारातून. हा हप्ता सुरू व्हायच्या तोंडावर घरावर दुसरं कर्ज उभं करणं मला पटत नाही.

मग टीएफएसए. तिथून पैसे काढले तर टॅक्स नाही, आणि काढलेल्या रकमेइतकी जागा पुढच्या १ जानेवारीला परत मिळते. वर्कशॉपसाठी पैसा इथूनच यावा. पण त्याच्याही आधी ५,००० धाकट्याच्या आरईएसपीत घाला. सरकार वर्षाला पहिल्या २,५०० वर २० टक्के, म्हणजे ५०० डॉलर अनुदान देतं, आणि मागचं राहून गेलेलं एका वेळी एकेका वर्षाचं भरून काढता येतं. चालू वर्षाचे २,५०० आणि मागच्या एका वर्षाचे २,५०० घातले की १,००० डॉलर अनुदान. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच केलंत की धाकट्याचा हिशोब सरळ होईल. कुठलीही लिफ्ट तुम्हाला बसल्याजागी २० टक्के देणार नाही.

मित्रांच्या गाड्यांचे महिन्याला ४०० मी हिशोबात शून्य धरले आहेत. अल्बर्टात लोकांच्या गाड्या पैसे घेऊन दुरुस्त करायला ॲमविकचं (गाड्यांच्या धंद्यावर देखरेख करणाऱ्या संस्थेचं) लायसन्स लागतं, आणि ऑटो टेक्निशियनचा हा व्यवसाय प्रमाणपत्राशिवाय करता येत नाही अशा यादीत आहे. वस्तीतल्या गॅरेजात असा धंदा चालवायला शहराची परवानगी हा आणखी एक दरवाजा. घराच्या विम्यात धंद्याचा धोका सहसा धरलेला नसतो. तुम्ही बसवलेल्या कॅलिपरचा बोल्ट सैल राहिला आणि मित्राची गाडी व्हाइटमड फ्रीवेवर कोणाला धडकली, तर ४०० डॉलर कुठल्या कुठे राहतील. मैत्रीखातर ऑइल बदलून द्या, मित्राच्या घरी जेवा, पैसे घेऊ नका.

घराच्या किमतीबद्दल: एडमंटनच्या गिऱ्हाइकाला इन्शुलेशन केलेलं, २४० व्होल्टची वायर आलेलं गॅरेज नक्की आवडतं. दोन खांबांची लिफ्ट पाहून मात्र तो ती काढून द्याल का असं विचारेल. आणि वाढलेली किंमत घर विकाल तेव्हाच हातात येते, हप्त्याच्या दिवशी नाही.

आता उष्णतेकडे वळू. इथे तुमचे खरे पैसे वाचणार आहेत. मी ढोबळ हिशोब मांडला. बाहेर उणे ३० आणि आत १० अंश ठेवायचे, तर आजच्या उघड्या भिंतींच्या गॅरेजला साधारण २१ किलोवॅट, म्हणजे ७० हजार बीटीयूच्या वर उष्णता लागेल. भिंतीत बॅट (इन्शुलेशनच्या तयार गाद्या), छतावर जाड थर, फोम भरलेलं दार आणि दाराखालची रबरी पट्टी एवढं केलं की तेच काम साडेपाच किलोवॅटवर, १८-१९ हजार बीटीयूवर येतं. चौथ्या हिश्श्यावर! तुमच्या कोटेशनातला ६० हजार बीटीयूचा हीटर मला आजच्या उघड्या गॅरेजला बघून काढलेला वाटतो. आधी भिंती करा. त्यानंतर मोठा हीटर कुणी सुचवला तर हिशोब कागदावर मागा.

इन्शुलेशन स्वतः करा, तुमचा हात चांगला आहे. बॅटच्या आतल्या, उबदार बाजूने ६ मिल (इंचाचे हजारावे भाग) जाडीचं प्लास्टिक ताणून सांधे टेपने बंद करायचे आणि त्यावर ड्रायवॉल. प्लास्टिक लावायचं राहिलं तर आतली ओल भिंतीत शिरून तिथे गोठते आणि वसंतात लाकूड कुजवते. गाडीबरोबर येणारं बर्फ वितळून जमिनीवर पाणी होणारच आहे, तेव्हा ओल ही कल्पनेतली गोष्ट नाही. दारासकट सामानाचे ४,५०० धरा, ७,८०० नव्हेत.

गॅस की वीज, याचं उत्तर तुम्ही आठवड्याला किती तास गॅरेजात असणार यावर आहे. पॅनेल बसल्यावर विजेचा ५ किलोवॅटचा हीटर वायरिंगसह ६०० पर्यंत बसतो. गॅसला ६,२००. फरक ५,६०० चा. तुमच्या घरात गॅस आणि वीज दोन्ही आधीच आहेत, त्यामुळे बिलातले ठरावीक आकार वाढणार नाहीत. फक्त वापरावर वाढणारा खर्च मोजायचा. तो मी विजेला युनिटमागे १७ सेंट आणि गॅसला गिगाज्यूलमागे ८ डॉलर धरला आहे. तुमची बिलं उघडून हे दोन आकडे तपासा, वेगळे असतील तर पुढचं सगळं त्याच प्रमाणात हलेल.

इन्शुलेशननंतर सगळा हिवाळा दिवसरात्र आत १० अंश ठेवायचे असतील तर सुमारे ९,१५० युनिट लागतील. विजेने दीड हजार डॉलर. गॅसने, हीटरमधून वाया जाणारी उष्णता धरूनही, ३३० च्या आसपास. अशा वापरात गॅसची लाइन साडेचार-पाच वर्षांत वसूल होते आणि मी तुम्हाला डोळे मिटून गॅसच सांगितला असता.

पण तुम्ही फक्त शनिवार-रविवार काम करणार आहात. त्यात एक अडचण लोक विसरतात: हवा पंधरा मिनिटांत तापते, लोखंड आणि कोबा तापत नाहीत. दीड टन वजनाची गाडी उणे २५ वरून १० वर आणायलाच सात युनिट लागतात, म्हणजे ५ किलोवॅटच्या हीटरचा दीड तास. तुमच्या चार इंची कोब्याचं वजन अकरा टनांच्या वर आहे. तो १५ अंशांनी वर आणायला ४० युनिट, म्हणजे आठ तास. म्हणून हीटर शुक्रवारी संध्याकाळी लावायचा आणि शनिवारी सकाळी पाना उचलायचा. तापवायला ५० आणि बारा तास काम करायला ६०, असे आठवड्याला ११० युनिट, २५ आठवड्यांचे ४७० डॉलर. तेवढंच गॅसने केलं तर १०० डॉलर. वाचतात वर्षाला ३७०, आणि ५,६०० चा फरक भरून यायला पंधरा वर्षं जातात. तोवर हीटरच बदलायला आलेला असेल.

तेव्हा पहिला हिवाळा विजेवर काढा. उणे ३० च्या शनिवारी ५ किलोवॅट कमी पडेल. त्या दिवशी घरात बसून पिकअपचे पार्ट शोधा. थर्मोस्टॅटजवळ एक वही टांगा आणि तास लिहा. मार्चमध्ये तास दुपटीच्या वर गेलेले दिसले, किंवा संध्याकाळीही तुम्ही तिथेच सापडायला लागलात, तर गॅस घ्या. वही कोरी राहिली तर गॅसचे सहा हजार वाचले.

कोणीतरी तुम्हाला बांधकामावरचा, धुराडं नसलेला प्रोपेन हीटर सुचवेलच, दोनशे डॉलरांत काम होतं म्हणून. बंद गॅरेजात तो नको. एकतर कार्बन मोनॉक्साइड, हा विषारी वायू. दुसरं म्हणजे ९ किलोचं एक सिलिंडर जळलं की सुमारे १५ लिटर पाणी वाफ होऊन हवेत येतं आणि गार हत्यारांवर, गार पत्र्यावर बसतं. गंज लागलेलं लेथ काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. गॅसचा हीटर पुढे घेतलाच तर ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा, बंद चेंबरचा घ्या आणि तो जमिनीपासून उंच टांगा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साठते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म दोन्ही बाबतीत हवाच, कारण गाडी कधीतरी आत चालू होणार.

लिफ्टबद्दल मी ठाम आहे: नको. नऊ फुटी छत म्हणजे १०८ इंच. साडेपाच फूट उंचीची एसयूव्ही त्याखाली उचलली तर चाकांखाली जेमतेम साडेतीन फूट उरतात, दाराची मोटर आणि रूळ आडवे आले तर आणखी कमी. उभं राहून काम करता यावं म्हणून ६,४०० घालायचे आणि खाली स्टुलावर बसायचं! चांगला जॅक आणि चार भक्कम स्टँड तीनशे-चारशेत येतात. पिकअप पुरी झाल्यावरही हौस टिकली तर खालून उचलणारी छोटी लिफ्ट बघा, तिला छत लागत नाही. इपॉक्सी फरशीही तोवर थांबू शकते. कॉम्प्रेसर जुना चांगला मिळतो.

ब्लॉक हीटरची (थंडीत गाडीचं इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची) वीज वाचेल असाही एक मुद्दा पुढे येतो. अर्ध्या किलोवॅटचा ब्लॉक हीटर टायमरवर रोज तीन तास, शंभर दिवस चालवला तर खर्च २५ डॉलर. हा मुद्दा सोडून द्या. उलट, रस्त्यावरचं मीठ लागलेली ओली गाडी उबदार जागेत ठेवली की गंज जास्त वेगाने चढतो. आत आणण्याआधी खालून धुवा, किंवा रोजची गाडी बाहेरच राहू द्या.

तर या वर्षाचा खर्च: इन्शुलेशन आणि दार ४,५००, पॅनेल ३,६००, हीटर ६००, दिवे-जॅक-स्टँड ८००. झाले ९,५००. आरईएसपीचे ५,००० धरून टीएफएसएमध्ये २३,५०० उरतात, आणि मॉर्गेजचा हप्ता वाढला तरी तेवढी शिल्लक पुरेशी आहे. नव्या हप्त्याचे तीन महिने निभावल्याशिवाय त्याला पुन्हा हात लावू नका. वर्षाच्या १,२०० बचतीतून विजेचे ४७० गेले की ७३० उरतात; ९,५०० वसूल व्हायला तेरा वर्षं. गुंतवणूक म्हणून मी हे कोणाला विकणार नाही. हौस म्हणून तुम्हाला परवडतं, आणि वहिनींना तुम्ही ३१ हजार सांगितले असतील तर साडेनऊ ऐकून त्या कदाचित हसतील.

एक काम मात्र उन्हाळ्यातच उरका. पॅनेलच्या वायरसाठी घरापासून गॅरेजपर्यंत चर खणावी लागणारच आहे. ती उघडी असताना, दोन्हींमधलं नियमाचं अंतर राखून, गॅसची नळी टाकून तोंड बंद करून ठेवायला किती लागतील हे गॅस फिटरला विचारा. हजाराच्या आत म्हणाला तर टाका. पुढे गॅस घ्यायचा ठरला तर गोठलेली जमीन पुन्हा खणावी लागणार नाही. परमिट दोन्हींची काढा, आणि कुदळ मारण्याआधी जमिनीखालच्या लाइन दाखवून घ्या. अल्बर्टात ते फुकट होतं, फक्त काही दिवस आधी कळवावं लागतं.