माट्टीच्या खोडावरची शिलिंध्री

फोंडा, गोवा

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

बोंडल्याच्या अभयारण्यात तीन सकाळ फिरूनही मखमली शिलिंध्री दिसली नाही, असे तू लिहिलेस. तू सारखी चालत होतीस, आणि हा पक्षी चालणाऱ्याला क्वचितच सापडतो. पुढच्या खेपेस एखादी जुनी माट्टी (ऐनाचे झाड) निवड, तिच्यापासून पंधरा-वीस पावलांवर बस आणि तासभर उठू नकोस. माट्टी आपला राज्यवृक्ष आहे म्हणून नव्हे, तर तिची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते आणि त्या भेगांत किडे-कोळी दडतात, म्हणून.

पक्षी जेमतेम १२-१३ सेंटिमीटरचा. पाठ जांभळट निळी, कपाळ मखमली काळे, चोच लाल, डोळे पिवळे. नराच्या डोळ्यावरून मागे काळी भुवई जाते, मादीला ती नसते. रंगांचे एवढे पुरे. खरे लक्ष पायांकडे दे. सुतारपक्षी ताठ शेपटीचा टेकू घेऊन खोड चढतो, पण शिलिंध्री शेपटी टेकवतच नाही. वरच्या पायाने ती सालीला लटकते, खालच्या पायाने तोल सावरते, आणि म्हणूनच डोके खाली करून तितक्याच सहज उतरते. खालून चढणाऱ्याच्या नजरेतून सुटलेली भेग तिला वरून दिसते. हे मला फार उशिरा उमगले. तुझी तेवढी वर्षे जाऊ नयेत.

ती बहुधा निखार, नीलमणी, कोतवाल यांच्या मिश्र थव्याबरोबर येते. कोतवाल उडते किडे टिपतो, निखार पानांमधले वेचतो, साल हिच्या वाट्याची. थवा काही मिनिटांत पुढे सरकतो, म्हणून तिची भराभर येणारी ‘चिट्-चिट्-चिट्’ ही हाक आधी कानात बसव. मात्र ती हाक फोनवर वाजवून तिला बोलावू नकोस, विणीच्या दिवसांत तर मुळीच नको. आपल्या हद्दीत दुसरी शिलिंध्री शिरली असे समजून ती धावून येते, आणि पिलांसाठी चारा शोधायचा वेळ वाया जातो.

आणखी एक. कुळागराच्या (पोफळीच्या बागेच्या) कडेचा वठलेला किंदळ (किंजळाचे झाड) पावसाआधी तोडायचा घरी विचार आहे, असेही तू लिहिलेस. शिलिंध्री झाडाच्या ढोलीतच शेवाळ, केस, पिसे अंथरून घरटे करते, आणि अशा ढोल्या जुन्या, वठलेल्या झाडांतच जास्त मिळतात. झाड घरावर वा वाटेवर पडण्यासारखे नसेल, तर ते राहू द्यावे असे माझ्या वतीने बाबांना सांग. त्याला ढोल्या किती आणि जमिनीपासून किती उंचीवर आहेत, तेवढे पाहून मला कळव.

तुझा,
काका