सिस्टरशी वाद घाल, पण गोळी गुपचूप बदलू नकोस

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. राग समजला. आता हकीकत मला नीट कळली आहे का ते बघ. तुझा नेहमीचा डोस रोज ५ मिलिग्रॅम वॉरफरिन, म्हणजे रक्तात गुठळी होऊ न देणारी गोळी, आठवड्याला ३५. त्यावर गेले कित्येक महिने आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, २.८ ते ३.२ च्या आसपास राहिला. या वेळी तो ३.९ आला. सिस्टर म्हणाल्या, आजची गोळी घेऊ नकोस आणि यापुढे आठवड्यातले दोन दिवस अर्धीच घे, म्हणजे ३० मिलिग्रॅम. तू म्हणालीस की मधे पोट बिघडलं होतं, त्यामुळे असेल. त्या म्हणाल्या, आकडा वर आहे, डोस कमी करावाच लागेल. मग तू घरी येऊन ठरवलंस की ऐकायचं नाही. तू रोज पूर्ण गोळी घेते आहेस आणि क्लिनिकच्या फाइलमध्ये मात्र ३० लिहिलेलं आहे.

डोसबद्दल तुझं म्हणणं बरोबर असावं असं मला वाटतं. तरीही तू जे केलंस ते चुकीचं आहे.

आधी डोसचं बोलू. तुझ्या हृदयातली झडप कृत्रिम, धातूची, आणि बसवलेली मायट्रल जागी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांच्या मधे. अशा झडपेसाठी आयएनआर साधारण २.५ ते ३.५ मध्ये ठेवतात. ३.९ म्हणजे वरच्या मर्यादेपेक्षा ०.४ जास्त. अमेरिकन कॉलेज ऑफ चेस्ट फिजिशियन्सच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये याच परिस्थितीबद्दल लिहिलं आहे: आधी आकडे स्थिर होते आणि एखादा आकडा मर्यादेच्या ०.५ पर्यंत वर किंवा खाली आला, तर डोस आहे तोच ठेवावा आणि एक-दोन आठवड्यांत पुन्हा तपासावं. ही सूचना आहे, हुकूम नव्हे. पण तुझ्या बाजूने बोलणारी आहे.

शिवाय तुझ्याकडे आकडा वाढण्याचं कारणही आहे. जुलाबांसाठी डॉक्टरांनी तुला मेट्रोनिडाझोल दिलं होतं, ते तपासणीच्या दोन दिवस आधी संपलं. हे औषध यकृतात वॉरफरिनचा निचरा करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. गोळी तेवढीच, पण रक्तात ती जास्त वेळ टिकते. त्यात दोन-तीन दिवस तुझ्या पोटात अन्न नव्हतं, म्हणजे रक्त गोठायला लागणारं जीवनसत्त्व 'के'ही कमी गेलं. आता औषध संपलं, जेवण सुरू झालं. आकडा काही दिवसांत आपोआप खाली यायला हवा. त्यातच डोस १४ टक्क्यांनी कायमचा कमी केला, तर पुढचा आकडा २.५ च्या खाली जाऊ शकतो. मायट्रल जागच्या धातूच्या झडपेला ते परवडत नाही. झडपेवर गुठळी धरली तर तिची पानं अडकू शकतात, किंवा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो.

एक मात्र विचारते. मेट्रोनिडाझोल हे नाव तू सिस्टरना सांगितलंस का? पत्रात तरी "पोट बिघडलं होतं" एवढंच आहे. त्यांच्यासमोर फक्त वाढलेला आकडा होता आणि तक्रार करणारी एक पेशंट. पोट काय, दर दुसऱ्या पेशंटचं बिघडलेलं असतं. औषधाचं नाव आणि तारखा मिळाल्या असत्या तर त्यांनीही कदाचित वेगळा विचार केला असता.

आणि त्या कमी करण्याकडे का झुकतात, तेही समजून घे. रक्तस्राव झाला की सगळे विचारतात, शेवटचा डोस कोणी ठरवला. गुठळी झाली तर लोक म्हणतात, हृदयच दुखणाईत होतं. दोष कधी गोळीवर येतो आणि कधी आजारावर, हे त्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असतं. वाढलेल्या आकड्याला हात घातला नाही तर आपण बेफिकीर ठरू, ही भीती खरी असते. मला ती भीती पटत नाही, पण तिच्यावर रागही येत नाही.

आता तू केलेल्या गोष्टीकडे येते, कारण मला जास्त काळजी तिची आहे. समज, पुढच्या तपासणीत तुझा आयएनआर २.९ आला. तू मनात म्हणशील, बघा, मी बरोबर होते. सिस्टर फाइलमध्ये लिहितील: आठवड्याला ३० मिलिग्रॅमवर २.९, डोस योग्य. म्हणजे तुझं शरीर किती गोळी मागतं याची नोंदच खोटी झाली. उद्या तू कुठल्याही कारणाने रुग्णालयात दाखल झालीस आणि तिथल्यांनी फाइल बघून ३० सुरू केले, तर आठवड्याभरात आकडा घसरेल आणि कोणाला कारण सापडणार नाही. किंवा एखाद्या वेळी तो खरंच वाढला, तर त्या ३० वरून आणखी खाली उतरायचं ठरवतील आणि तू तेही ऐकणार नाहीस. मग दोघीही अंधारात. वॉरफरिनचा सगळा हिशोब डोस आणि आकडा या जोडीवर चालतो. त्यातला एक खोटा असेल तर दुसऱ्याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून आधी फोन कर. आजच. आणि ३.९ नंतरही तू एकही गोळी गाळलेली नाहीस, तेव्हा रक्तही आज-उद्या तपासून घे. पुढचं बोलणं त्या नव्या आकड्यावर होऊ दे.

फोनवर काय बोलायचं? मी असं म्हणाले असते: "सिस्टर, मागच्या वेळी एक सांगायचं राहिलं. मला पाच दिवस मेट्रोनिडाझोल होतं, तपासणीच्या दोन दिवस आधी संपलं. त्या दिवसांत जेवणही नव्हतं. आणि तुम्ही सांगितलेला ३० चा डोस मी घेतलेला नाही, ३५ च चालू आहे. ते तुम्हाला विचारून करायला हवं होतं." एवढं झाल्यावर थांब. त्यांना लिहून घेऊ दे. मग विचार: "हा बदल तात्पुरता आहे की कायमचा?" वाद घालण्यापेक्षा हा प्रश्न बरा, कारण उत्तर देताना त्यांना आकडा का वाढला याचा विचार करावाच लागतो. कारण गेलेलं असेल तर कायमचा बदल कशासाठी, हे मग तुला म्हणावं लागत नाही.

तरी पटलं नाही, तर सरळ म्हण: "मला हे पटत नाही, डॉक्टरांना एकदा विचाराल का? आणि मी विचारलं होतं हे फाइलमध्ये लिहाल का?" यात उद्धटपणा काही नाही. बहुतेक क्लिनिकमध्ये सिस्टर एका लिखित पद्धतीनुसार डोस बदलतात, आणि त्या पद्धतीबाहेर जायचं तर त्यांना डॉक्टरांचा होकार लागतो. तू डॉक्टरांचं नाव काढलंस म्हणजे त्यांचा अपमान केलास असं होत नाही. उलट कधी कधी त्यांचीच सुटका होते. "मी इंटरनेटवर वाचलं" याने मात्र सुरुवात करू नकोस. वाचलेलं खरं असलं तरी त्या वाक्यानंतर समोरचा ऐकायचं थांबतो. आणि खिडकीसमोर मागे रांग लागलेली असताना हा विषय काढू नकोस.

तू लिहिलंस, "माझं शरीर मला कळतं." बाकी गोष्टींत कळत असेल. आयएनआर कळत नाही. तो २ असो की ५, माणसाला अगदी सारखंच वाटतं. मी इतकी वर्षं ही गोळी घेते आहे, अजूनही रिपोर्ट उघडण्याआधी मला आकडा सांगता येत नाही. तुझी ताकद नोंदीत आहे: कोणत्या दिवशी किती मिलिग्रॅम घेतलं, कोणती गोळी विसरली, कोणतं नवं औषध सुरू झालं. गोळ्यांची संख्या न लिहिता मिलिग्रॅमच लिही. "एक गोळी" म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळी गोळी येते. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घे, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नकोस, आणि विसरलीस हे सांग. लाजेपोटी दडवलेली एक गोळी सिस्टरना नको तो डोस वाढवायला लावते.

अशीही वेळ येईल की सिस्टर खरोखरच चुकत असतील. ती ओळखायची कशी? पहिलं बघ ते तुझ्या फाइलवरचं लक्ष्य, म्हणजे आयएनआर किती ते किती ठेवायचा. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांसाठी किंवा पायातल्या गुठळीसाठी ते २ ते ३ असतं, आणि अशा क्लिनिकमध्ये बहुतेक लोक त्याच कारणांसाठी येतात. सवयीने तुझ्या फाइलवरही २ ते ३ पडलेलं असेल, तर तुझा ३.२ सुद्धा त्यांना जास्त वाटेल आणि तुमची दर वेळी झटापट होईल. डॉक्टरांनी ठरवलेलं लक्ष्य त्यांच्याच अक्षरात फाइलच्या पहिल्या पानावर लावून घे. माझ्या मते निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

दुसरं म्हणजे आकड्याच्या मागे धावणं. आज डोस बदलला, तीन दिवसांनी तपासलं, पुरेसा फरक नाही म्हणून पुन्हा बदलला. वॉरफरिन असं चालत नाही. ते यकृताला जीवनसत्त्व के पुन्हा वापरू देत नाही, त्यामुळे गुठळी करणारी प्रथिनं नव्याने नीट तयार होत नाहीत. पण आधी तयार झालेली रक्तात असतातच. त्यातलं सातव्या क्रमांकाचं प्रथिन साधारण सहा तासांत निम्मं होतं, दुसऱ्या क्रमांकाचं, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन, निम्मं व्हायला अडीच-तीन दिवस घेतं. म्हणून आकडा दोन-तीन दिवसांत हलू लागतो, पण बदललेल्या डोसचा पुरता परिणाम कळायला आठवडा जातो. त्याआधी पुन्हा बदल करू पाहणाऱ्या सिस्टरना "मागचा बदल अजून बसला नसेल ना?" असं विचारायला हरकत नाही.

तिसरं, काहीच कारण नसताना भलताच आकडा आला तर डोसला हात लावण्याआधी तपासणी पुन्हा करायला सांग. निळ्या झाकणाच्या नळीत रक्त कमी भरलं तर आयएनआर खोटा वाढलेला दिसतो. बोटातून थेंब घेऊन मोजणाऱ्या यंत्राचाही वरच्या आकड्यांवर फार भरवसा धरत नाहीत. ४-५ च्या पुढे दाखवलं तर शिरेतल्या रक्तावर खात्री करून घेतात.

पण काही प्रसंगी वाद बाजूला. काळे किंवा रक्ताळलेले शौच, लघवीत रक्त, नाकातून न थांबणारं रक्त, अचानक कधी नव्हे इतकी डोकेदुखी, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, किंवा डोक्यावर आपटणं, मग बरं वाटत असलं तरी. अशा वेळी सिस्टरना फोन करून डोसची चर्चा करत बसू नकोस, सरळ तातडीच्या विभागात जा. झडपेचा टिकटिक आवाज एकाएकी दबला किंवा बदलला तरी तेच.

पाळीत रक्तस्राव वाढला असेल तर तोही सांग. तुझ्या वयाच्या मुली हे लपवतात, मग हिमोग्लोबिन उतरतं आणि सगळे गोळीलाच दोष देतात. मूल हवं असा विचार मनात आला तर दिवस जाण्याआधी डॉक्टरांशी बोल. वॉरफरिन गर्भाला अपाय करू शकतं, विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यात. अंगदुखीला आयबुप्रोफेन घेऊ नकोस. पॅरासिटामॉल चालतं, पण ते सलग काही दिवस भरपूर घेतलं तर आकडा वाढतो, तेव्हा कळवून घे. पालेभाज्या सोडायची गरज नाही, दर आठवड्याला साधारण सारख्या खा.

आणि हो, गुठळी टाळणाऱ्या ज्या नव्या गोळ्यांना आयएनआरची तपासणी लागत नाही, त्या तुला का देत नाहीत, असंही तू विचारलं आहेस. धातूच्या झडपांवर त्यातली डॅबिगॅट्रान तपासून पाहिली होती. गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वॉरफरिनपेक्षा जास्त झाले, म्हणून तो प्रयोग मधेच थांबवला आणि त्याचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे तुला-मला वॉरफरिनच, आणि आयएनआरची सुईही.

फोन केल्यावर दोनपैकी एक होईल. मेट्रोनिडाझोल ऐकून आणि नवा आकडा बघून त्या ३५ च चालू ठेवायला सांगतील. किंवा डॉक्टरांना विचारूनही ३० वरच ठाम राहतील. तसं झालं तर ३० घे. खरोखर घे, आणि तेव्हाच ठरवून घे की आठवड्याने पुन्हा तपासायचं आणि २.५ च्या खाली आलं तर त्याच दिवशी कोणाशी बोलायचं. तुझं गणित बरोबर असेल तर ते त्या रिपोर्टमध्ये दिसेल, आणि या वेळी फाइलमधला डोसही खरा असेल.

तुझी,
मावशी